पालघरहून पहाटेची गाडी

17 डिसेंबर 1933, रविवार. अंधारातच तुम्ही पालघर स्टेशन गाठलंय. फलाटावर केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांच्या टोपल्या रचलेल्या, ओल्या गोणपाटाचा वास सुटलेला. बीबीसीआय रेल्वेची कोळशाची गाडी धूर ओकत येते. विजेची लोकल अजून बोरिवलीपर्यंतच येते. भाकरी फडक्यात बांधून तुम्ही खिडकी पकडता. वैतरणेच्या पुलावर उजाडतं. डोळ्यांत कोळशाचे कण जातात, तरी खिडकी सोडवत नाही.

तुम्ही निघालात बॉम्बे जिमखान्याकडे. भारतभूमीवरचा हा पहिला कसोटी सामना, समोर जार्डिनचा इंग्लंड संघ. ज्या क्लबच्या हिरवळीवर सी. के. नायडू भारताचं नेतृत्व करताहेत, त्या क्लबचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नाही. तुमची जागा मैदानाभोवती तात्पुरत्या उभारलेल्या मांडवांत, बाकावर अर्धं टेकून. भारताच्या 219 धावांना इंग्लंडचं उत्तर 438, आणि दुसऱ्या डावात 21 धावांत दोन गडी गेलेले. बाकावर कुणी बोलत नाही.

मग बावीस वर्षांचा लाला अमरनाथ मारायला लागतो. पहिलीच कसोटी, पण हात जराही आखडत नाही. पलीकडे नायडू पाय रोवून उभे. दिवस संपता संपता भारताचं पहिलं कसोटी शतक लागतं. लोक दोर ओलांडून धावतात, हार पडतात, बायका अंगावरचे दागिने उतरवून देतात. तुमच्या पायातली एक चप्पल त्या गर्दीत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भारत नऊ गड्यांनी हरला. मांडव उतरले. जिमखाना आजही उभा आहे, पण तिथे पुन्हा कसोटी झाली नाही.

दहा वर्षं पुढे या. डिसेंबर 1943. विजेची लोकल आता विरारपर्यंत येते, म्हणून तुम्ही तिथे गाडी बदलता. चर्चगेटच्या समोरच ब्रेबॉर्न स्टेडियम, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर 1937 साली उघडलेलं. पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत: हिंदू विरुद्ध ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्या समाजांचा संघ. विजय मर्चंट 250 धावांवर नाबाद, हिंदूंचे 581. ‘रेस्ट’चा पहिला डाव 133 वर आटोपतो. दुसऱ्या डावात विजय हजारे 387 पैकी एकटे 309 काढतात. सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागी होते, त्यात भाऊ विवेक यांच्या 21. तुम्ही हिंदूंच्या बाजूने ओरडायला आलेले, आणि नकळत हजारेंसाठी घसा बसवून घेता.

ही स्पर्धा 1946 नंतर बंद झाली. ती गेली ते योग्यच झालं, असं मला ठामपणे वाटतं. धर्मावर संघ पाडणं गांधीजींनाही पटलं नव्हतं. पण त्या गर्दीचा उत्साह खोटा नव्हता, हेही तितकंच ठामपणे सांगावंसं वाटतं.

पावलं थोडी दक्षिणेला वळवा. कूपरेज, फुटबॉलचं मैदान. 1950 ते 1954, सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1891 पासूनची ती स्पर्धा या शतकाच्या तोंडावर थांबली. मैदान आहे; रोव्हर्सच्या दिवसांत भरणारं ते कूपरेज नाही.

ब्रेबॉर्नवरून कसोट्याही हलल्या. जागावाटपावरून स्टेडियमचा मालक क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचं बिनसलं, आणि जानेवारी 1975 मध्ये हाकेच्या अंतरावर वानखेडे सुरू झालं. 2009 मध्ये एक कसोटी तेवढी परत आली.

मैदानांच्या इतिहासात क्लब असतात, गव्हर्नर असतात. वैतरणेपलीकडून उपाशीपोटी आलेला प्रेक्षक मात्र क्वचितच सापडतो, आणि मला तोच हवा आहे. त्याच मार्गावरून पालघरचा क्रिकेटपटू शार्दुल ठाकूर किटबॅग घेऊन मुंबईला खेळायला जात असे. डहाणूपर्यंत लोकल आली ती 2013 मध्ये, त्याच्या शाळकरी दिवसांनंतर. आज बोईसरला कारखान्याची पाळी सुटते त्या गर्दीत असा एखादा पोर दारात अडकलेला दिसला, तर त्याला आत ओढून घ्या आणि त्याच्या बॅगेला वर जागा करून द्या.