जीपचा शाफ्ट आणि राजापेठचा लेथ

आजची गोष्ट एका तुटलेल्या दांड्याची.

चिखलदऱ्याच्या घाटात आमची जुनी जीप थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, गाडी जागेवरच. मागचा हाफ शाफ्ट पिळून तुटला होता. हँडब्रेक ओढला, तोही फुकट! या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. चाकांखाली दगड लावले, फोर-व्हील टाकला, पुढच्या चाकांच्या जोरावर कसेबसे परतलो.

या घराण्याचा जन्म 1941 चा, युद्धासाठी. विलीस आणि फोर्डने मिळून 6 लाखांवर जीप बनवल्या. नंतर महिंद्राने मुंबईत जुळणी सुरू केली. मूळ इंजिन 60 हॉर्सपॉवरचं, टायर अरुंद. पुढे लोकांनी डिझेल इंजिनं, रुंद टायर बसवले. शाफ्ट मात्र जुन्याच मापाचा.

मी राजापेठला लेथवर गेलो. म्हटलं, "काका, जाड करून द्या." व्यास 10 टक्के वाढला की पीळ सोसायची ताकद 33 टक्के वाढते, हे मी वाचलं होतं.

काका हसले. "अन् गिअरच्या भोकात बसवशीन कसा? बसला तरी मंग क्राऊन-पिनियन तुटन!"

म्हणून माप तेच, पोलाद बदललं: ईएन 24, म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं. तापवून तेलात विझवलं, चिवटपणासाठी पुन्हा तापवलं. मधला भाग स्प्लाइनच्या खाचेपेक्षा किंचित बारीक ठेवला, म्हणजे पीळ एकाच जागी न साचता सगळ्या लांबीवर पसरतो.

ताकद वाढवली तरी कुठंतरी तुटणारच. ते स्वस्तात आणि सपाटीवर तुटावं, एवढंच आपल्या हातात. घाटाआधी गाडीखाली एकदा वाका, दोस्तहो!