कपाळावरचा आकडा

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि नाणी यांचीच नावे आपल्या तोंडी येतात. आम्ही गंगापूरची माणसे गोदाकाठची. आमच्याकडे जुन्या नाण्याचे मोल सहसा कोणाला समजावून सांगावे लागत नाही. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. चांदी तीच, वजनही तेच, वरचा ठसा तेवढा बदललेला. पण कोण हरला आणि कोण जिंकला हे त्या ठशानेच सांगितले. ही नाणी एखाद्या सोनाराच्या मुशीत गेली असती तर चांदी उरली असती, इतिहास उरला नसता.

आपल्या डोळ्यांदेखत असेच एक साधन मुशीत चालले आहे. ते म्हणजे जुन्या संगणकाचा प्रोसेसर. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर संगणकाची सारी आकडेमोड चालते. १९७१ साली इंटेल कंपनीने विक्रीस आणलेल्या ४००४ या प्रोसेसरात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ साली पेंटियम आला, तेव्हा ही संख्या ३१ लाखांवर गेली होती. आणि तो घडविणाऱ्यांत अग्रभागी असलेले विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झालेला. बावीस वर्षांतील ही झेप कोणत्याही राजवंशाच्या विस्तारापेक्षा कमी नवलाची नाही. परंतु त्या काळच्या प्रोसेसरांचे कवच चिनीमातीसारख्या पदार्थाचे आणि पायांवर सोन्याचा मुलामा. भंगारवाला ते किलोवर घेतो, पुढे कोणी तेजाबात घालून त्यातील गुंजभर सोने काढतो, आणि बाकीचे उकिरड्यावर जाते.

या वाटेत आडवे उभे राहणारे काही हौशी लोक जगभर आहेत. ते भंगाराच्या ढिगातून, लिलावातून, मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यासारख्या बाजारांतून जुने प्रोसेसर विकत घेतात. काचेच्या पेटीत ठेवून त्यांचे समाधान होत नाही. त्यांना ते चालवून पाहावयाचे असतात. यासाठी त्या पिढीचाच मदरबोर्ड लागतो, त्याच पिढीची स्मृती लागते. ३८६ च्या काळातील बोर्डांवरची बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती आधी काढून जागा स्वच्छ करावी लागते. वाकलेले पाय पातळ पात्याने एकेक सरळ करावे लागतात. पोथीची चिकटलेली पाने सोडविणाऱ्या पंडिताचेच हे काम आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता खरा प्रश्न पुढे येतो. प्रत्येक प्रोसेसरच्या माथ्यावर एक आकडा छापलेला असतो: ६६, १३३, ३००. एका सेकंदात तो किती वेळा ठोका घेईल, हे दहा लाखांच्या मापाने सांगणारा हा आकडा. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते, तसाच हा लेख. पण हा लेख लिहितो कोण? एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम घडतात. मग त्यांची परीक्षा होते, आणि जो ज्या वेगाला टिकला त्या वेगाचा शिक्का त्याच्यावर बसतो. इथवर न्याय आहे. परंतु बाजारात स्वस्त मालाला मागणी अधिक असली, की वरच्या वेगाला टिकणाऱ्या प्रोसेसरवरही खालचा आकडा छापला जातो. त्याच्या अंगची ताकद आत राहते, आणि जग त्याला कपाळावरच्या आकड्याने ओळखते.

हे उघडकीस आणले ते या हौशी लोकांनीच. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. बोर्डाचा मूळ ठोका ६६, त्याला ४.५ ने गुणले की ३००. हा गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला होता. लोकांनी गुणकाला हात न लावता मूळ ठोकाच १०० वर नेला, आणि पुष्कळ सेलेरॉन ४५० च्या वेगाने बिनतक्रार पळू लागले. त्याच महिन्यात आलेल्या कितीतरी महाग पेंटियम २ चा वेगही ४५० च होता! या खटपटीला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दशकात लबाड व्यापारी खालचा आकडा पुसून वरचा छापीत आणि माल चढ्या भावाने विकीत. सातकर्णीने ठसा बदलला तो आपल्या नावाने. यांनी बदलला तो चोरून.

ताकद आजमावण्यालाही मर्यादा आहेत. वेग वाढला की उष्णता त्या प्रमाणात वाढते. पण तो वेग टिकावा म्हणून विजेचा दाब वाढविला, तर उष्णता दाबाच्या वर्गाने वाढते. दाब दीडपट केला तर नुसत्या त्याच कारणाने उष्णता सव्वादोन पट होते. म्हणून काही जण उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात. २०११ साली एएमडीचा एक प्रोसेसर द्रवरूप हेलियमच्या साह्याने ८४२९ मेगाहर्ट्झवर पोचला. नव्या मालावर हे करावे. ज्याची चारदोन नगच उरली असतील, त्यावर असा प्रयोग करणे म्हणजे अक्षर उठावे म्हणून शिलालेख छिन्नीने खोदण्यासारखे आहे. जाणता संग्राहक प्रथम त्याला त्याच्याच चालीने चालवितो, काय दिसले ते वहीत टिपून ठेवतो, आणि जोडीला दुसरा नग असेल तरच पुढे जातो.

आपल्याकडे ही हौस अगदीच तुरळक आहे, आणि इथेच मला काळजी वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक घडला, तो १९६० साली रीतसर कामास लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. आज तो चालताना पाहावा म्हटले तर सोय नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला, तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ६४ ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून. परदेशाने महासंगणक देण्यास हात आखडता घेतला, तेव्हा लहान लहान प्रोसेसरांची मोट बांधून मिळविलेले हे यश होते. तो ट्रान्सप्युटर हातात घेऊन, त्याला वीज देऊन मुलांना दाखविता आला, तर स्वावलंबनाच्या दहा धड्यांचे काम एकट्याने होईल.

शाळाशाळांच्या अडगळीच्या खोल्यांत बंद पडलेले संगणक धूळ खात पडलेले आहेत. भंगारात देण्यापूर्वी त्यांतील एक उघडावा, प्रोसेसर काढून त्यावरचा आकडा वाचावा, आणि जमल्यास तो पुन्हा चालवावा. शिक्षकाच्या धंद्यात कपाळावरचे आकडे नित्य पाहावे लागतात. ३५ टक्क्यांचा शिक्का बसलेला पोरगा पुढे काय करील, हे गुणपत्रिका सांगू शकत नाही. त्याला काम देऊन पाहावे लागते.