बंद लॅपटॉप आणि उपनगरातली दुरुस्ती

1973 मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, तेव्हा तिथली इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी होती. घाटकोपर-बोरिवलीच्या दुरुस्तीवाल्यांकडे येत ते रेडिओ आणि टीव्ही. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. पुढे त्याच टेबलांवर लॅपटॉप आले, पण तपासाची शिस्त जुनीच राहिली: आधी वीज येते का ते पाहायचे, मग यंत्राला दोष द्यायचा.

मल्टिमीटर चार्जरच्या टोकाला लावला की साधारण 19 व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसले तर संशय सैल जॅकवर. मग चार्जर काढून, बॅटरी बाजूला करून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबायचे, म्हणजे बोर्डात साठलेला विद्युतभार निघून जातो. रॅम काढून पुन्हा बसवण्याने, आश्चर्य वाटेल, पण कित्येक ‘मेलेले’ लॅपटॉप उठतात.

वीज देण्याची घाईही नडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतले तळमजले बुडाले. भिजलेल्या बोर्डाला घाईने वीज दिली की शॉर्ट होतो, हे अशा वेळी महागात पडते.

1 जुलै 2006 पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. शिसेयुक्त डाख 183 अंशांना वितळे, नव्या, बिनशिशाच्या डाखाला सुमारे 217 लागतात. त्यामुळे बोर्डाच्या कामात हॉट एअर मशीनची गरज वाढली. यूएसबी-सी चार्जरने तर मल्टिमीटरचीच पंचाईत केली. लॅपटॉप जोडल्याशिवाय त्याच्या टोकाला व्होल्टेज येतच नाही.