देवाचा शिकारी कुत्रा

बाल्टिक समुद्रालगतचा लिव्होनिया हा प्रांत सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या राजाच्या अंमलाखाली होता. तेथील जमीनदार जर्मन, धर्मोपदेशक लूथरपंथी आणि शेतात राबणारा कुणबी बहुधा लॅटव्हियन बोलणारा. ह्या प्रांतातील युर्गेन्सबुर्ग ह्या गावी, जे आज लॅटव्हियात मोडते, १६९१ साली चर्चमधील एका चोरीची चौकशी चालली होती. साक्षीसाठी ऐंशी ओलांडलेला थीस नावाचा म्हातारा पुढे आला. तो शपथ घेणार, तोच दुसरा एक साक्षीदार गालातल्या गालात हसला. न्यायाधीशांनी कारण विचारताच तो म्हणाला, हा थीस लांडगा होतो हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे; असल्या माणसाची शपथ ती काय!

आरोप साधा नव्हता. माणूस लांडग्याचे रूप घेतो ही समजूत युरोपात फार जुनी होती आणि तिच्यापायी अनेकांचे प्राण गेले होते. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथे पेटर श्टुम्प ह्या शेतकऱ्याने यातना सोसून कबुली दिली की, सैतानाने दिलेल्या कमरपट्ट्याने आपण लांडगा होतो व माणसे मारतो. त्याला अतिशय क्रूरपणे ठार करण्यात आले. पुढे १६०३ मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या न्यायालयापुढे झाँ ग्रेनिए हा कोवळा मुलगा आला. आपल्याजवळ लांडग्याचे कातडे आहे आणि ते पांघरून आपण मुले खाल्ली, असे तो आपण होऊन सांगत होता. बोर्दोच्या न्यायाधीशांनी मात्र त्याला जाळले नाही. मुलगा मंदबुद्धी आहे असे ठरवून त्यांनी त्याला जन्मभर मठात ठेवण्याची आज्ञा केली. १६१० मध्ये प्येर द लांक्र हा न्यायाधीश त्याला भेटला, तेव्हाही तो हातापायांवर सहज धावत असे आणि लांडगे पाहण्यात त्याला आनंद वाटे. मठाच्या भिंतींनी त्याला आवरले. त्याच्या आतला लांडगा तसाच राहिला.

म्हणजे न्यायासनापाशी अशा माणसासाठी दोनच उत्तरे होती. तो सैतानाचा तरी असावा, नाही तर वेडा तरी. थीसने तिसरेच उत्तर दिले.

त्याने काहीही नाकारले नाही. आपण पूर्वी लांडगा होतो, मात्र दहा वर्षांपूर्वी ते सोडून दिले, असे तो शांतपणे म्हणाला. त्याचा छळ कोणी केला नव्हता. तो शुद्धीवर आहे काय, अशी विचारणा झाली. त्याला ओळखणाऱ्यांनी सांगितले की, त्याच्या बुद्धीत कधीच खोट दिसली नाही. पूर्वीही एकदा न्यायालयात त्याची ही गोष्ट निघाली होती, तेव्हा न्यायाधीशांनी ती हसण्यावारी नेली होती. उलट त्यानंतर गावकऱ्यांत त्याचा मान वाढला. गुरे आजारी पडली, माणसाला दुखणे जडले की लोक त्याच्याकडे येत आणि तो मीठ किंवा बिअर मंतरून देई.

मग त्याने जे सांगितले ते ऐकून न्यायाधीश चक्रावले असले पाहिजेत. वर्षातून तीन रात्री, म्हणजे डिसेंबरातील संत लूसीच्या सणाला, पेंटेकॉस्टला आणि संत योहानाच्या सणाला, लांडगे झालेले लोक नरकात उतरतात. चेटके लोक शेताचे पीक आणि गुराढोरांची बरकत चोरून नरकात नेतात. लांडगे ती लढून परत आणतात. लांडग्यांच्या हाती लोखंडी चाबूक असतो आणि चेटक्यांच्या हाती घोड्याच्या शेपटीचे केस गुंडाळलेला झाडू. लेम्बुर्गच्या स्काइस्तान नावाच्या, आता मेलेल्या, शेतकऱ्याने त्याच झाडूने आपले नाक फोडले, असे तो सांगे. लांडगे वेळेवर पोहोचले की वर्ष पिकाचे जाते. रशियन लांडगे आधी पोहोचले त्या वर्षी पीक त्यांच्याकडे चांगले आले, हेही त्याने सांगितले.

सैतानाची चाकरी करता काय, ह्या प्रश्नावर तो चिडला. सैतानाशी आमचे वैर आहे, आम्ही देवाचे शिकारी कुत्रे आहो, असे त्याचे म्हणणे होते.

हे शब्द मराठी कानाला तितकेसे परके वाटू नयेत. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. व्याघ्रचर्माच्या पिशवीत भंडारा बाळगतो, देवापुढे भुंकतो, कोटंब्यातले अन्न कुत्र्याप्रमाणे तोंडाने खातो. लिव्होनियाशी त्याचा कसलाही संबंध नाही. ती प्रथा निर्दोष होती असेही नाही. नवसापायी पोटची लेकरे देवाला वाहिली जात, हे दुःख तिच्या पोटात होते. परंतु वाघ्याला समाजात नाव आहे, जागा आहे, जत्रेचा दिवस आहे. म्हणून त्याच्या भुंकण्याची चौकशी करायला कोणी न्यायाधीश बसत नाही. थीसच्या गावकऱ्यांनीही त्याला अशीच जागा दिली होती. न्यायालयाच्या दप्तरात मात्र ती नव्हती.

न्यायालयाने गावच्या धर्मोपदेशकाला बोलावले. त्याने परोपरीने समजावले, पश्चात्ताप करण्यास सांगितले. म्हाताऱ्याने उत्तर दिले की, हा उपदेशक अजून तरुण आहे, ह्या गोष्टी आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक कळतात. खटला डॉर्पाटच्या वरिष्ठ न्यायालयाकडे गेला. १६९२ मध्ये निकाल लागला तो फटक्यांचा व जन्मभर हद्दपारीचा. 'चुकलो' असे म्हणणे त्याच्या हाती होते. ऐंशीच्या पुढच्या वयात पाठीवर फटके घेणे त्याने पत्करले, पण आपण कोण होतो ते नाकारले नाही. पुढे त्याचे काय झाले ह्याची नोंद नाही.

जर्मन भाषेतली ती चौकशी हेर्मान फॉन ब्रुइनिंक ह्या इतिहाससंशोधकाने १९२४ साली प्रसिद्ध केली. १९६६ मध्ये इटलीच्या कार्लो गिन्झबुर्गने तिचा धागा इटलीतील फ्रिउली प्रांताच्या शेतकऱ्यांशी जोडला. तेथेही काही जण पिकासाठी रात्री आत्म्याने चेटक्यांशी लढतो म्हणत. अमेरिकेचे ब्रूस लिंकन ह्यांना थीसच्या बोलण्यात जर्मन मालकांविरुद्धचा लॅटव्हियन कुणब्याचा स्वर ऐकू येतो. दोघांनी २०२० साली एकत्र पुस्तक लिहिले, तरी त्यांचे मत एक झाले नाही.

त्यांचा वाद मिटला नाही, ह्यात नवल नाही. आजही काही माणसे म्हणतात की, देह माणसाचा असला तरी आपले अंतरंग एखाद्या प्राण्याचे आहे. त्यांचे म्हणणे मान्य करणे वेगळे आणि ते नीट ऐकून घेणे वेगळे. युर्गेन्सबुर्गच्या न्यायाधीशांना ते मान्य करता आले नाही. परंतु त्यांच्या लेखनिकाने म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द उतरवून घेतला, आणि एरवी नावही न उरलेला एक गरीब कुणबी तेवढ्यावर आजही बोलतो आहे.