परवान्याचें मोल



दूरचित्रवाणी यंत्राचा कारखानदार चित्रप्रेषणाचें दुसऱ्या कंपनीचें तंत्र आपल्या यंत्रांत बसवितो, तेव्हां तें तंत्र त्याच्या मालकीचें होत नाहीं. तें वापरण्याची अनुज्ञा तेवढी त्यास मिळते, व विकलेल्या यंत्रांमागें ठरलेली रक्कम मूळ मालकाकडे जाते. अशाच व्यवहारांत आमच्या जालन्याची एक कंपनी उतरली. फरक इतकाच कीं, येथें यंत्राच्या जागीं कपाशीच्या बियाण्याचें पाकीट होतें.

बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालना येथें महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली. उत्तम बियाणें शेतकऱ्याच्या दारीं पोंचविण्याच्या कार्याबद्दल १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास महिको व अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनीं मिळून महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली. मोन्सॅन्टोजवळ मातींतील एका जीवाणूचें जनुक होतें. तें कपाशींत उतरविलें म्हणजे तिचें बोंड खाणारी अळी मरे. मार्च २००२ मध्यें केंद्र सरकारनें महिकोच्या तीन संकरित वाणांस मान्यता दिली.

परंतु तीन वाण साऱ्या देशाच्या जमिनींस कसे पुरावेत? म्हणून या कंपनीनें इतर बियाणें-कंपन्यांस जनुक वापरण्याचे परवाने दिले. प्रत्येकीनें तें आपापल्या वाणांत उतरविलें, आणि दहा-बारा वर्षांत देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी या जातीची झाली. परवान्याच्या पद्धतीचा हा मोठा गुण मान्य केलाच पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहूं. सुरवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचें पाकीट सुमारें १,६०० रुपयांस पडे, व त्यांत जनुकाचें मोलच सुमारें १,२५० रुपये असे. संकरित बियाणें दरसाल नवें घ्यावें लागतें. अर्थात् हें मोलहि दरसाल द्यावें लागे. करार दोन कंपन्यांमधील. पैसा मात्र ज्याची त्यावर सहीच नव्हती, त्या शेतकऱ्याचा!

२००६ सालीं आंध्र प्रदेश सरकारनें मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली व पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्रानें २००९ सालीं किंमत ठरविण्याचा कायदा केला. पुढें केंद्र सरकारनें सूत्रें हातीं घेतलीं. २०१६ सालीं दोन जनुकांच्या सुधारित वाणाचें पाकीट ८०० रुपयांचें ठरलें व त्यांतील जनुकाचें मोल अवघें ४९ रुपये. २०२० सालीं तें शून्यावर आलें. दरम्यान परवानाधारक नुझिवीडू कंपनीशीं मोन्सॅन्टोचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२१ सालीं तडजोडीनें मिटला.

मालकपक्षाचें म्हणणें असें कीं, मोल न मिळाल्यास नवें संशोधन कोण करील? तें अगदींच पोकळ नव्हतें. २०१६ सालींच महिकोनें पुढच्या पिढीच्या कपाशीचा मान्यतेसाठीं केलेला अर्ज मागें घेतला. पण अळी कोणाच्या कराराला जुमानीत नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें मराठवाडा व विदर्भ यांतील शेतें पोखरलीं, आणि दोन्हीं जनुकें तिच्यापुढें निष्प्रभ ठरलीं.

सारांश, परवाना ही विद्येच्या प्रसाराची उत्तम वाट आहे. पण तिचें मोल ठरवितांना तें अखेर ज्याच्या खिशांतून जावयाचें, त्याचा विचार प्रथम व्हावा, आणि विद्येचा प्रभाव ओसरला तर तिचें मोलहि आपोआप उतरावें. हें करारांतच लिहून ठेवलें असतें, तर सरकारास मध्यें पडावें लागलें नसतें.