चवदार तळ्याचा पेपर

दोस्तहो, आमच्या अभ्यासवर्गात एक पोरगा आहे, एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. एका रविवारी त्यानं पुस्तकांची पिशवी सतरंजीवर आपटली आणि म्हणाला, "मी सोडतो हे." का म्हणून विचारलं तर म्हणाला, "न्यायशास्त्रात रूढीवर प्रकरण आहे. इंग्लंडचा कुठला रिचर्ड ११८९ साली गादीवर बसला, ते पाठ करायचं. माझ्या बापाचा आणि त्या राजाचा संबंध काय?"

मी सूतगिरणीतला कामगार. कायद्याच्या वर्गात कधी बसलो नाही. याचीच पुस्तकं मागून आणतो आणि रातपाळी नसली की डिक्शनरी पुढ्यात घेऊन वाचतो. तेव्हा मी सांगतो त्यात चूक सापडली तर सांभाळून घेऊ नका, तोंडावर सांगा. पण त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "बापाचा नसेल, बाबासाहेबांचा आहे. हे प्रकरण म्हणजे आपलं महाड आहे."

त्याला महाडचा हायकोर्टाचा निकाल ठाऊक नव्हता. आपल्यातल्या पुष्कळांना नाही. २० मार्च पाठ, २५ डिसेंबर पाठ. १७ मार्च १९३७ विचारा, माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. आपण तळ्याचं पाणी लक्षात ठेवलं आणि त्या पाण्यावर दहा वर्षं चाललेला दावा विसरलो.

एलएल.बी.ला काय शिकवतात? न्यायशास्त्र, मालमत्तेचा कायदा, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, हिंदू कायदा, संविधान. आणखीही पेपर आहेत, पण हे सहा धरा. हे सहाही पेपर चवदार तळ्याच्या काठावर उभे आहेत. म्हणून ही हकिकत पहिल्यापासून सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. आपला माणूस काही तिकडं गेला नाही, कारण ठराव कागदावर होता आणि काठ्या गावात होत्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले आणि पाणी प्यायले. मग देवळात शिरणार अशी अफवा उठवून आपल्या लोकांची डोकी फोडली गेली, शेणमूत घातलेल्या १०८ घागरींनी तळं शुद्ध केलं गेलं. हे तुम्ही जाणता. पुढचं कमी सांगितलं जातं. ४ ऑगस्टला, बोले ठरावाच्या बरोब्बर चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली. तेव्हा महाडच्या सनातन्यांनी काठी खाली ठेवली आणि वकील गाठला.

१२ डिसेंबर १९२७ ला दावा दाखल झाला. वादी महाडचे सवर्ण. प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. मागणं काय? तळं आमच्या मालकीचं आहे, त्यावर फक्त आमचाच हक्क आहे असं ठरवून द्या, आणि यांना मनाई करा. दोन दिवसांत, १४ तारखेला, कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम काढला. परिषद ११ दिवसांवर आलेली. दिवाणी प्रक्रियेच्या पुस्तकात तात्पुरत्या मनाईहुकमाचं प्रकरण आहे, ३९ वी ऑर्डर. परीक्षेला येते म्हणे. आमच्या पोराला ती तोंडपाठ होती. पण तोच हुकूम एकदा हजारो माणसांच्या आणि पाण्याच्या मधे उभा राहिला होता, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

२५ डिसेंबरची परिषद त्या हुकमाच्या सावलीत भरली. त्या रात्री मनुस्मृती जाळली. तळ्यावर मात्र गेले नाहीत. जायला माणसं तयार होती, तुरुंगात जायला नावं दिलेली होती. बाबासाहेबांनीच थांबवलं. आपलं भांडण सवर्णांशी आहे, हुकूम मोडला की ते सरकारशी होईल, असा त्यांचा हिशेब. २७ तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, पाण्याला हात न लावता परत आली. खरं सांगतो, मला पहिल्यांदा हे वाचून राग आला होता. मनुस्मृती जाळणारा माणूस मामलेदारी गावातल्या कोर्टाचा कागद पाळतो? आपल्यातले काही जण अजूनही हा सवाल करतात, आणि तो काही पोरकट सवाल नाही. पण मग मी दाव्याचे पुढचे कागद वाचले.

इथं जरा मागं जावं लागेल, म्हणजे रूढी हा शब्द कोर्टात किती वजनाचा होता ते कळेल.

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं ठरवलं की वारसा, लग्न, जात, धर्म या बाबतीत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू करायचं. शास्त्र सांगणार कोण? कोर्टात नेमलेले पंडित. १७९४ ला विल्यम जोन्सचं मनूचं इंग्रजी भाषांतर आलं. म्हणजे ज्या ग्रंथाचा शब्द कानावर पडू नये म्हणून आपल्याला गावाबाहेर ठेवलं, तो साहेबाच्या टेबलावर कायद्याचं पुस्तक म्हणून जाऊन बसला. कोर्टातले पंडित १८६४ ला गेले. तोवर इंग्रजीत पुरेशी पुस्तकं झाली होती, पंडिताचं काम पुस्तक करू लागलं. हिंदू कायदा हा पेपर असा तयार झाला.

मुंबई इलाख्यात मात्र थोडं वेगळं होतं. १८२७ चं चौथं रेग्युलेशन, कलम २६. त्यात क्रम लावून दिला होता. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर दावा जिथं उठला त्या मुलखाची वहिवाट. ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा. काहीच नसेल तर न्याय आणि सद्सद्विवेक. बघा, विवेकाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि रूढी दुसऱ्या नंबरावर. महाडच्या सनातन्यांना मनूची पोथी उघडायची गरजच नव्हती. "पूर्वापार वहिवाट आहे" एवढं सिद्ध केलं की काम झालं.

आणि इथं तो रिचर्ड येतो. इंग्रजांच्या कायद्यात रूढी मान्य व्हायची तर ती माणसाच्या आठवणीपलीकडची पाहिजे. त्या आठवणीची हद्द त्यांनी आपल्या देशापुरती ठरवून टाकली, ११८९, रिचर्ड गादीवर बसला ते साल. त्याच्या आधीपासून चालत असेल तर ती रूढी. शिवाय ती अखंड पाहिजे, नक्की पाहिजे, वाजवी पाहिजे. आपल्याकडच्या कोर्टांनी रिचर्डची तारीख जशीच्या तशी घेतली नाही, पण कसोटी घेतली: जुनी, अखंड, नक्की, वाजवी. पोरगं म्हणत होतं राजाचा संबंध काय. संबंध हा, की ही कसोटी महाडच्या सवर्णांच्या गळ्यात पडली.

कारण पुराव्याच्या कायद्याचा साधा नियम आहे. जो म्हणतो त्यानं सिद्ध करायचं. १८७२ च्या कायद्यात तो होता, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तो आहे. दावा त्यांनी आणला, म्हणून भार त्यांच्यावर. दोस्तहो, इथं जरा थांबा. आपल्याला जन्मभर सगळं सिद्ध करावं लागतं. जात सिद्ध करा, हुशारी सिद्ध करा, मार खाल्ला तर मार खाल्ल्याचंही सिद्ध करा. महाडच्या दाव्यात साक्षीच्या पिंजऱ्यात अस्पृश्यता होती. ती कधीपासून आहे, कुणी पाहिली, कुठं लिहिलीय, ते सवर्णांना सांगायला लागलं. शास्त्रात आहे म्हणून भागेना. बाबासाहेबांनी मनाईहुकूम पाळला म्हणून हे झालं. हुकूम मोडला असता तर चर्चा बेअदबीची झाली असती, आणि ज्यांनी पाणी अडवलं ते तक्रारदार म्हणून बाजूला उभे राहिले असते.

दाव्यासाठी वर्षं लागली. जून १९२८ ला बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. म्हणजे पोरांना कायदा शिकवणारा मास्तर तिकडं प्रतिवादी. ८ जून १९३१ ला पहिल्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. तळं सवर्णांच्या मालकीचं ठरलं नाही. आणि एकानं वापरलं, दुसऱ्यानं वापरलं नाही, एवढ्यावरून दुसऱ्याला अडवायचा हक्क तयार होत नाही, असं त्या कोर्टानं धरलं. सवर्ण ठाण्याला अपिलात गेले, ते ३० जानेवारी १९३३ ला फेटाळलं. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया. अपील फेटाळलं. २० मार्च १९२७ पासून मोजा, दहा वर्षांना तीन दिवस कमी. बाबासाहेब तेव्हा त्याच लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते.

आता निकालात काय आहे ते नीट ऐका, कारण आपल्या सभांत याचं फार गोड करून सांगतात. अस्पृश्यता वाईट आहे असं हायकोर्ट म्हणालं नाही. ही वहिवाट आठवणीपलीकडची आहे असं वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढंच म्हणालं. आणि पुढं असंही, की त्यांनी सिद्ध केलं असतं तर ती रूढी गैरवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. म्हणजे तो विचार केला नाही. प्रश्न बाजूला ठेवून दिला. सवर्णांकडं एखादी जुनी सनद निघाली असती तर? मला ही गोष्ट अजून सलते. आपण जिंकलो ते त्यांच्या कागदांत भोक होतं म्हणून.

आणि ज्या रूढीला दावाच नव्हता तिचं काय? मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्याचा दोरा तोंडानं ओढावा लागायचा, तो विटाळायचा. कपडा विकताना विटाळ नव्हता, दोऱ्याला होता. साळखात्यात पगार जास्त, म्हणून ही रूढी पोटावरची. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांपुढं हे ठेवलं, तेव्हा कुठं ती मागणी यादीत गेली, तीही खळखळ करत. त्यावर कुठलं कोर्ट बसलं नाही. आठवणीपलीकडची म्हणावी तर गिरण्याच मुळी १८५० नंतरच्या. तरी रूढी झाली.

हायकोर्टानं बाजूला ठेवलेला प्रश्न उचलला तो संविधानानं, आणि मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर महाडचा प्रतिवादी होता. कलम १३ वाचा. मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, आणि कायदा या शब्दात रूढी आणि वहिवाट यांचा नाव घेऊन समावेश. कलम १५ चं दुसरं पोटकलम वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. तलाव हा शब्द वाचताना मला महाड दिसतं. कलम १७ तर तुम्हाला पाठ आहे, संविधान सभेनं २९ नोव्हेंबर १९४८ ला ते मंजूर केलं. आता रूढी किती जुनी हे विचारायचंच नाही, हजार वर्षांची असली तरी बाद. आणि अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा, १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात तो, त्याचं कलम १२ बघा. असा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरून घडला असं कोर्टानं धरून चालायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत. महाडला जो भार वादींवर होता, तो इथं आरोपीवर. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? पोलीस ठाण्यात जाताना किती जण ते सांगतात?

सगळं मिटलं असं मात्र समजू नका. १९५१ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टानं नरसू अप्पा माळी खटल्यात ठरवलं की धर्मावर चालणारे व्यक्तिगत कायदे कलम १३ च्या कचाट्यात येत नाहीत. म्हणजे दारातून रूढी गेली आणि शास्त्र आत राहिलं. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्या तर्कावर बोट ठेवलं. त्याच १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढं १९५५-५६ ला त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. आणि आपण १९५६ ला बौद्ध झालो, तरी लग्नाला, वारशाला कायदा हिंदू नावाचाच लागतो, कारण त्यात बौद्धांनाही धरलंय. यावर वेगळं लिहायला पाहिजे, कुणीतरी लिहा.

पोरगा कॉलेजात जातो अजून. रूढीवर टिपण आलं तर रिचर्ड लिहीन आणि खाली महाडचा खटला लिहीन म्हणतो. तपासणारा मार्क देईल का, असं मला विचारलं. मला काय ठाऊक!

निकालपत्राचं मराठी करायला आम्ही तिघं बसलोय. चार पानं झालीत. "इम्मेमोरियल" या शब्दापाशी गाडी अडलीय. "अनादी" म्हटलं तर वेदाचा वास येतो, "पूर्वापार" म्हटलं तर फारच घरगुती होतं. एक दोस्त म्हणाला, सरळ "सनातन" लिहा. कुणाला बरा शब्द सुचला तर कळवा.