मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर आणि मराठी

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेतून १८६२ मध्ये पहिले चौघे उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणखात्यात. प्रार्थनासमाजाच्या इतिहासाबाहेर आज त्यांची नावे क्वचितच निघतात. भांडारकरांची कीर्ती मात्र युरोपातील प्राच्यविद्यापंडितांपर्यंत पोहोचली, आणि १८९३ मध्ये ते आपल्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

या कर्तृत्वात मराठी वाङ्मयाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ इंग्रजीत आहे, रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथही (१९००) इंग्रजीतच. ‘इंदुप्रकाश’ हे पत्र दुभाषी होते. रानडे यांच्याकडे त्याची इंग्रजी बाजू होती. मराठीविषयी त्यांना अनास्था होती, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. प्रार्थनासमाजातील त्यांची प्रवचने मराठीत होत, आणि १८७८ मध्ये लोकहितवादींसह त्यांनीच पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले. दोष असलाच तर तो विद्यापीठाच्या व्यवस्थेत शोधावा लागतो. १८६० नंतरच्या दशकात तिने उच्च परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या आणि अभिजात भाषांना मान दिला. ज्या भाषेची परीक्षा नाही, तिच्यात विद्वत्ता मांडण्याची सवय तरी कशी लागावी? हा निर्णय फिरवावा म्हणून रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली, एम. ए. च्या परीक्षेत मराठीला पुनः प्रवेश मिळाला तो १९०१ च्या सुमारास, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वेळी.

पदवीधराने मराठीत लिहिण्यातच प्रतिष्ठा मानावी, हे करून दाखवले ते दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, पदवी घेतलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तील त्यांचे सर्वच निर्णय मान्य होण्याजोगे नाहीत, परंतु इंग्रजी विद्येचे सारे बळ त्यांनी मराठी गद्यात ओतले, याविषयी दुमत नसावे.

रानडे यांच्या घरातील मराठीची कहाणी याहून बोलकी आहे. रमाबाईंना कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. लग्नानंतर पतीच्या आग्रहाने, घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून, त्या शिकल्या. १९१० मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. पहिल्या पदवीधराचे घरगुती, बोलते-चालते रूप मराठी वाचकाला आजही भेटते ते त्याच पुस्तकात.